थंडीत पाणी तापवताना या चुका टाळा: गॅस गिझर, विजेचा गिझर, सोलर आणि रॉड

दिवाळी सरली की नाशिकला गार वारं सुटतं. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर उतरला की पेपरात बातमी ठरलेली, आणि शहरातही स्वेटर-कानटोप्या बाहेर निघतात. याच दिवसांत प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनचे फोन सारखे वाजत असतात. ‘पाणी कोमटच येतंय’, ‘गिझर खालून गळतोय’, ‘सोलर गार पडलं’. यातल्या बऱ्याच तक्रारींत यंत्र बिघडलेलं नसतंच. आत काय चाललंय ते कळलं, की कुठे हात लावायचा आणि कुठे नाही हे समजतं. एक चूक मात्र थेट जिवावर बेतते, म्हणून सुरुवात तिच्यापासून करतो.

थंडी वाजते म्हणून बाथरूमची खिडकी बंद करणे

बाथरूममध्ये गॅस गिझर, आणि वाऱ्याची झुळूक आत येऊ नये म्हणून खिडकीच्या काचपट्ट्यांत कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा. थंडीत हे दृश्य अनेक घरांत दिसतं. हौस म्हणून कोणी तो बोळा कोंबत नाही, लहान मुलाला सर्दी होऊ नये एवढाच हेतू असतो. धोका नेमका तिथेच आहे.

गॅस जळायला ऑक्सिजन लागतो हे आपण शाळेत शिकलेलो असतो, पण किती लागतो याचा अंदाज नसतो. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवणारा गिझर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. स्वयंपाकघरातल्या मोठ्या बर्नरच्या हे चार-पाच पट झालं. एवढा गॅस नीट जळायला मिनिटाला सुमारे २०० लिटर हवा हवी. आता चार बाय सहा फुटांचं, आठ फूट उंचीचं बाथरूम घ्या. त्यात सगळी मिळून ५४०० लिटरच्या आसपास हवा असते. दार-खिडकी बंद ठेवून पंधरा मिनिटं गिझर चालला, तर यातल्या निम्म्याहून जास्त हवेतला ऑक्सिजन एकट्या ज्योतीला हवा असतो. तो पुरा पडत नाही. गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

हा वायू दिसत नाही. त्याला वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. ‘वास आला असता तर कळलं असतं’ हा मोठा गैरसमज आहे. सिलिंडर गळला की जो उग्र वास येतो तो गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा, आणि तो न जळलेल्या गॅसला येतो. जळून बाहेर पडणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडची खूण पटवणारं असं काहीच नसतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. श्वास चालू असतो, छाती वर-खाली होत असते, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोहोचत नाही.

सुरुवातीची लक्षणं अगदी साधी वाटतात. डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं, पायांतलं त्राण जातं. ‘उपाशीपोटी अंघोळ केली म्हणून चक्कर आली’ असं म्हणून आपण विषय सोडून देतो. पुढचा टप्पा असा, की धोका लक्षात आला तरी उठून कडी काढण्याची ताकद राहत नाही. घरात चौघांनी लागोपाठ अंघोळी केल्या तर सर्वांत वाईट हवा शेवटच्या माणसाच्या वाट्याला येते, आणि पुष्कळ घरांत शेवटी आत जाते ती आई.

‘आमचा सिलिंडर बाहेर गॅलरीत आहे, म्हणून काळजी नाही’ असं बरेच जण सांगतात. सिलिंडर बाहेर ठेवल्याने गळतीचा धोका कमी होतो. पण ज्योत आतच जळत असेल तर हवाही आतलीच संपते. बाहेर न्यायला हवा तो गिझर. मोकळ्या गॅलरीत, काचा लावून बंद न केलेल्या ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर तो बसवा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणा. प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम असेल. घरात गॅस गिझर असेल तर बाकीचा लेख नंतर वाचला तरी चालेल, हे काम आधी लावा.

एक्झॉस्ट फॅनवरही फार विसंबू नका. पंखा हवा बाहेर फेकतो, पण तेवढीच हवा आत यायला वाट लागते. खालून दार घट्ट, खिडकी बंद, तर पंखा नुसता फिरतो. गिझर बाहेर हलवेपर्यंत बादली बाहेरच भरून घ्या, गिझर बंद करा, खिडकी-दार उघडं ठेवून हवा बदलू द्या आणि मग अंघोळीला जा. कडी न लावता नुसतं दार लोटलं तरी पुरे.

गिझरच्या पुढच्या बाजूला छोटी काच असते, तिथून ज्योत बघायची सवय ठेवा. निळी, आखूड, स्थिर असेल तर गॅस नीट जळतोय. पिवळी, लांब, लवलवती ज्योत किंवा वरच्या झाकणापाशी काजळी दिसली, तर बर्नर साफ होईपर्यंत गिझर वापरू नका.

कुणी आत बेशुद्ध पडलेलं आढळलं तर आधी दार-खिडक्या सताड उघडा, गॅस बंद करा, त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन लावा. आपण स्वतः आत थांबून राहू नका. दवाखान्यात पोहोचल्यावर ‘गॅस गिझर चालू होता’ हे वाक्य पहिल्यांदा सांगा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो: कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं, त्यामुळे आकडा ९८ दाखवला तरी माणूस गंभीर असू शकतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. म्हणून माणूस शुद्धीवर आला तरी घरी झोपवून ठेवायचं नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणाऱ्यांनाही हेच सगळं लागू आहे.

गॅस गिझर पेटतच नाही

आधी सेल बदला. टिकटिक मंद झाली असेल तर बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं. टिकटिकच ऐकू येत नसेल तर पाण्याचा दाब बघा. पाण्याच्या रेट्याने आतला पडदा ढकलला गेला तरच गॅसची झडप उघडते. दर दहा मीटर उंचीमागे पाण्याला साधारण एक किलो दाब मिळतो. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या डोक्यावर टाकी जेमतेम तीन मीटर असेल तर दाब एक तृतीयांशसुद्धा नसतो, आणि त्यात पाणी आत येतं तिथली जाळी गाळाने भरलेली असेल तर गिझर पेटणार कसा? जाळी काढून धुवा.

पेटतोय पण पाणी कोमट येतंय, म्हणून नळ आणखी मोठा करणं ही उलटी कृती आहे. ज्योतीची उष्णता ठरलेली असते. पाण्याची धार निम्मी केली तर तीच उष्णता निम्म्या पाण्याला मिळते आणि पाणी दुप्पट तापतं. आणि गॅस कमी येतो म्हणून सिलिंडर गरम पाण्याच्या टबात ठेवणं कृपा करून करू नका. थंडीत आतला द्रव सावकाश उकळतो, त्यामुळे दाब थोडा उतरतो. याला बिघाड म्हणत नाहीत.

विजेच्या गिझरची ठिबक बुचाने बंद करणे

गिझर चालू केला की खालच्या झडपेतून थेंब थेंब पाणी गळतं आणि बंद केल्यावर थांबतं. ही गळती असावीच लागते. १५ अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत तापलं की सुमारे दीड टक्क्याने फुगतं. १५ लिटरच्या टाकीत ते पाव लिटरच्या जवळ जातं. पाणी आत सोडणारी झडप त्याला मागे जाऊ देत नाही आणि नळ बंद असतो, म्हणून वाढलेला दाब सोडायला ती छोटी वाट ठेवलेली असते. एमसील लावून किंवा बूच ठोकून ती बंद केली, तर वाढणारा दाब टाकीवर येतो. ठिबकणाऱ्या तोंडाला बारीक नळी लावून ती मोरीत सोडा. गिझर बंद असतानाही सतत पाणी येत असेल, तर मात्र झडप बदलायला हवी.

दुसरी तक्रार बोअरच्या पाण्याची. महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी आणि सोसायटीच्या बोअरचं पाणी यात गिझरच्या दृष्टीने मोठा फरक असतो. खडकातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियमचा बायकार्बोनेट विरघळलेला असतो. तापल्यावर त्याचा कार्बोनेट होतो, म्हणजे चुनखडी ज्याची असते तोच पदार्थ, आणि तो कॉइलवर पांढऱ्या पापुद्र्यासारखा बसतो. मग कॉइलची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आतून सूं-सूं किंवा खडखड आवाज येतो आणि एक दिवस कॉइल जळते. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी किती तापवायचं ते ठरवणारं बटण, ७५ वर ठेवला तर क्षार झपाट्याने धरतात, ५५-६० पुरेसा असतो. बोअरचं पाणी असेल तर वर्षातून एकदा कॉइल काढून साफ करून घ्या आणि त्याच वेळी आतला मॅग्नेशियमचा रॉड झिजलाय का तेही बघायला सांगा. टाकीचं लोखंड गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो, तो संपला की टाकीची पाळी येते. घरच्या घरी ॲसिड ओतून क्षार काढायचा प्रयोग करू नका.

प्लग हाताला गरम लागतोय? २००० वॉटचा गिझर साधारण नऊ अँपिअर वीज ओढतो. तो ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर चालवणं म्हणजे आगीला निमंत्रण. १६ अँपिअरचं सॉकेट, घट्ट बसणारा प्लग, चांगलं अर्थिंग आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की आपोआप पडणारा खटका) एवढं हवंच. तो वारंवार पडत असेल तर त्याला बगल देऊन गिझर सुरू ठेवू नका. कॉइलमधून पाण्यात वीज उतरतेय हेच तो सांगत असतो.

‘दिवसभर चालू ठेवला तर कमी वीज लागते’ हा हिशेब बसत नाही. १५ लिटर पाणी १५ वरून ५५ अंशांवर न्यायला ०.७ युनिट वीज आणि वीसेक मिनिटं लागतात. दिवसभर चालू ठेवल्यावर टाकीतून झिरपणारी उष्णता पुन्हा पुन्हा भरून काढावी लागते, ती वर. आणि सोसायटीची टाकी धुतली असेल त्या दिवशी गरम पाण्याच्या नळाला अखंड धार आल्याशिवाय खटका दाबू नका. पाण्याविना कॉइल क्षणात जळते.

सोलर गार पडलं म्हणजे बिघडलं असं समजणे

नाशिक साधारण २० अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेर भर दुपारी सूर्य दक्षिणेला जेमतेम ४६-४७ अंश वर असतो, तर मेअखेर डोक्यावर. म्हणजे गच्चीवर सोलरच्या दक्षिणेला सहा फुटी टाकी असेल तर तिची दुपारची सावली मेमध्ये जवळपास नसते, डिसेंबरमध्ये मात्र सहा फुटांच्या जवळ पोहोचते. सकाळ-संध्याकाळी त्याहून लांब. मेकॅनिकला बोलावण्याआधी सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला आणि दुपारी तीनला वर जाऊन सावली बघा.

मग काचेच्या नळ्यांची खालची टोकं बघा. प्रत्येक टोकाला आतून चंदेरी मुलामा दिसायला हवा, तो बेरियमचा असतो. एखाद्या नळीचं टोक दुधासारखं पांढरं झालं असेल तर दोन काचांमधली निर्वात पोकळी गेली, ती नळी आता उष्णता धरून ठेवत नाही. तेवढी एकच बदला. पण नळी फुटली किंवा टाकी रिकामी झाली असेल तर भर उन्हात गार पाणी सोडू नका. कोरड्या नळीची आतली काच प्रचंड तापलेली असते, तिला तडा जातो. पाणी भरायचं ते पहाटे किंवा ऊन उतरल्यावर.

अपार्टमेंटमध्ये खरा चोर बहुधा मिक्सर, म्हणजे गरम आणि गार पाणी मिसळणारा नळ, असतो. गरम आणि गार दोन्ही चाव्या उघड्या ठेवून पुढे हँड शॉवरचं बटण बंद केलं, की जास्त दाबाचं गार पाणी मिक्सरमधून उलटं गरम पाण्याच्या लाइनमध्ये शिरतं. एका फ्लॅटमधल्या अशा मिक्सरमुळे त्या लाइनवरचे सगळे मजले ‘सोलर चालत नाही’ म्हणतात. रात्री भांडी-कपड्यांना गरम पाणी काढलं तरी सकाळी टाकी कोमट, कारण काढलेल्या पाण्याच्या जागी गार पाणी येतं आणि रात्री ऊन नसतं. बॅकअपची कॉइल असेल तर ती पहाटे लावा. आणि नळ उघडल्यावर आधी येणारं गार पाणी गटारात सोडू नका: अर्धा इंची पंधरा मीटर पाइपात अडीच-पावणेतीन लिटर पाणी उभं असतं, ते बादलीत धरून फरशी पुसायला घ्या.

रॉड

रॉड वापरायचाच असेल तर क्रम ठरवून घ्या: आधी बादलीत पाणी, मग रॉड खुणेपर्यंत बुडवून, मग प्लग, आणि शेवटी बटण. काढताना बरोबर उलटं. बटण चालू असताना पाणी तापलंय का हे बोट घालून बघू नका, लोखंडी बादली वापरू नका. २० लिटरची बादली १५ वरून ४० अंशांवर यायला १५०० वॉटच्या रॉडला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळाचा मोबाइलवर गजर लावा, बाथरूमचं दार बाहेरून बंद करा आणि लहान मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.