तान्ह्या पोळ्याची गोष्ट, हॉगार्थच्या रीतीने छापताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या हायस्कूलमध्ये मी चित्रकला शिकवतो. दर श्रावणात आठवीच्या मुलांकडून एका विनोदी गोष्टीचं छापचित्र करून घेतो. त्यासाठी फळ्याशेजारी विल्यम हॉगार्थ या इंग्रज चित्रकाराच्या एका चित्राची प्रत लावतो. सॅम्युअल बटलरच्या ‘हुडिब्रास’ या विनोदी काव्यासाठी त्याने 1726 मध्ये बारा मोठी चित्रं कोरली, त्यातलं हे एक. गाव एका जोडप्याची धिंड काढतं. घोड्यावर बायको पुढे बसलेली, नवरा मागे, शेपटीकडे तोंड करून, हातात टकळी. काव्यात त्याचा नायक हुडिब्रास ही धिंड अडवून भाषण ठोकतो आणि त्याच्या डोळ्यावर अंडं येऊन फुटतं. नागपूरचे बडगे, म्हणजे पोळ्यानंतर मिरवणुकीत निघणारे थट्टेचे पुतळे, पाहिलेल्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही.

आधी क्षण निवडा. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. मागच्या वर्षीची आमची गोष्ट : तान्ह्या पोळ्यात, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्यात, खरा गोऱ्हा घुसतो. मुलांनी आधी धावपळ काढली, ती फसली. मग एक मुलगी म्हणाली, “सर, पाटलाले अजून दिसलाच नाही असं काढू नं!” तोरण गोऱ्ह्याच्या शिंगात, लाकडी बैल उलटलेले, आणि पाटील माईकसमोर हात उंचावून बोलतच आहेत. हसू त्या उंचावलेल्या हातात आहे. कोपरेही रिकामे सोडू नका. तिथे झडत्या (पोळ्यात म्हणायची कवनं) विसरलेला म्हातारा किंवा बोजारा (पोळ्याला मिळालेले पैसे) मोजणारं पोरगं बसवा.

कोरायची प्लेट हॉगार्थसारखी तांब्याची नको. रसाचं, आतून चंदेरी असलेलं खोकं धुऊन पोस्टकार्डाएवढं कापा. चंदेरी बाजूवर कंपासच्या टोकाने कोरा. चित्र छापताना उलटं येतं, म्हणून फलकावरची अक्षरं आरशात पाहून लिहा. सावलीसाठी आडव्या-तिडव्या रेघा. गडद काळं हवं तिथे चंदेरी पापुद्रा सोला, आतला पुठ्ठा शाई पितो.

शाई तालुक्याच्या छापखान्यातून आणा. फार घट्ट असेल तर जवसाच्या तेलाचे दोन थेंब. रेघांत चोळून भरा, मग जुन्या धोतराच्या फडक्याने वरची पुसा. इथे घाई केली की रेघेतलीही निघते.

ड्रॉइंगचा कागद दहा मिनिटं भिजवून टॉवेलमध्ये टिपा. तो ओलसर हवा, पाणी सुटणारा नको. प्लेटवर ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने, मधून कडेकडे, दाबून घासा. हात दुखतो. एक कोपरा उचलून पाहा, फिकं असेल तर पुन्हा घासा.

एका खोक्यावर आमचे दहा-बारा छाप निघतात. नंतर रेघा दबतात. ओले छाप एकावर एक रचू नका, दोन दिवस दोरीवर वाळू द्या.