पुरात वॉकीटॉकी वापरताना या चुका टाळा

2019 च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर चढलं आणि निपाणीकडची वाहतूक ठप्प झाली. अशा वेळी वीज गेली की मोबाईल टॉवरच्या बॅटऱ्याही उतरतात. म्हणून गावच्या मंडळानं वॉकीटॉकी घेणं चांगलंच, पण आधी परवान्याचं बघा. विनापरवाना चालतात ते 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे संच. 144 ते 146 हा हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, पट्टा. तिथे परीक्षा देऊन परवाना काढल्याशिवाय बोलायचं नाही.

खोक्यावर छापलेला 'दहा किलोमीटर' पल्ला विसरा. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. जांबोटी-कणकुंबीच्या डोंगरात एक वळण ओलांडलं की आवाज गायब. अशा वेळी लोक आणखी मोठ्यानं ओरडतात, त्यानं फक्त आवाज फाटतो. जागा बदला, गच्चीवर जा, अँटेना उभी धरा. मोबाईलसारखा संच आडवा धरून बोलायची खोड फार जणांना असते. त्याहून उत्तम म्हणजे मधल्या टेकडीवर एक माणूस बसवा, तो दोन्हीकडचे निरोप पोचवेल.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे बटण दाबताक्षणी बोलणं. पहिला शब्द कापला जातो, आणि तो बहुधा गावाचं नाव असतो! बटण दाबा, सेकंदभर थांबा, मग बोला. नुसतं 'कंग्राळीत पाणी शिरलंय' म्हणू नका. बुद्रुक की खुर्द, ते सांगा, नाहीतर बोट भलत्याच गावात जाईल. खरखरीत 'सात' आणि 'साठ' सारखेच ऐकू येतात, तेव्हा साठ माणसं असतील तर 'सहा, शून्य' असं एकेक आकडा सुटा सांगा. समोरच्यानं निरोप परत म्हणून दाखवल्याशिवाय तो पोचला असं धरू नका.

बटण रेनकोटखाली दाबलं गेलं तर त्या चॅनेलवर सगळ्यांचीच बोलती बंद. आवाजानं आपोआप सुरू होणारी सोय, म्हणजे व्हॉक्स, पावसात बंदच ठेवा.

बॅटरी सर्वांत जास्त खाते ती बोलताना. जवळच्या जवळ बोलायचं असेल तर संच कमी ताकदीवर ठेवा, आणि तासातली ठरावीक पाच मिनिटंच सगळ्यांनी संच चालू ठेवावेत. तातडीसाठी मात्र एक संच कायम चालू हवा.

चॅनेल एकच, तरी काही ऐकू येत नाही? मॉनिटर बटण दाबून धरा. तेव्हा आवाज आला, तर दोन संचांचे टोन, म्हणजे जुळला तरच समोरचं बोलणं ऐकू देणारी खूण, जुळत नाहीत किंवा स्क्वेल्च, म्हणजे नुसती खरखर गप्प ठेवणारी सोय, फार घट्ट आहे. टोन सगळ्यांनीच काढून टाकावा; तो नसला तरी बोलणं अडत नाही.