अमेरिकेच्या अध्यक्षाची बातमी आली की आधी काय बघायचं

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर मीच एक मेसेज पुढे ढकलला होता, अमेरिकेतून घरी पैसे पाठवले की आता ५ टक्के टॅक्स, ट्रम्पने लावला म्हणून. फोंड्याला स्टँडजवळ पाव-भाजी खात होतो, अर्ध्या तासात न्यू जर्सीहून मावसभावाचा फोन, अरे कुठे लागलाय, बिल आहे ते नुसतं. आणि पुढे झालं काय बघा, हाउसमधून (त्यांच्या संसदेचं आपल्या लोकसभेसारखं सभागृह) पास होईपर्यंत ५ चे साडेतीन झाले, सिनेटमध्ये (दुसरं सभागृह) १ वर आले, तोही रोख किंवा मनीऑर्डर वगैरे देऊन पाठवलं तरच, बँक खात्यातून किंवा तिथल्या डेबिट कार्डाने पाठवलं तर काहीच नाही. ४ जुलैला सही झाली आणि लागू १ जानेवारी २०२६ पासून. मी मात्र मे महिन्यातच सगळ्या नातेवाईकांना घाबरवून बसलो होतो. त्यानंतर जी सवय लावून घेतली ती सांगतो.

आधी पर्वरीचं, म्हणजे आपल्या गोवा विधानसभेचं गणित डोक्यातून काढायचं. आपल्याला लहानपणापासून एकच माहीत, ४० आमदार, २१ चा आकडा, तो ज्याच्याकडे तो मुख्यमंत्री. २०१७ ला काँग्रेसच्या १७ आणि भाजपच्या १३ जागा आल्या तरी आकडा पर्रीकरांनी जमवला, २०१९ ला काँग्रेसचे १० आमदार उठून तिकडे गेले, २०२२ ला ८. त्यामुळे अमेरिकेत अध्यक्षाच्या पक्षाने हाउस गमावलं असं वाचलं की आपण लगेच विचारतो, मग सरकार कधी पडणार? पडत नाही. अध्यक्ष तिथल्या सभागृहाचा मेंबरच नसतो, त्याची निवडणूक वेगळी, मुदत ४ वर्षांची, बहुमत गेलं तरी तो खुर्चीत आणि त्यालाही सभागृह बरखास्त करता येत नाही, दोघांनी एकमेकांना सोसायचं. काढायचा एकच रस्ता, महाभियोग. हाउसमध्ये साधं बहुमत चालतं पण सिनेटमध्ये दोन तृतीयांश लागतात. आजपर्यंत तीन अध्यक्षांवर चार वेळा झाला (ट्रम्पवर दोनदा), एकही गेला नाही, १८६८ ला अँड्र्यू जॉन्सन तर एका मताने वाचला. निक्सनने १९७४ ला आधीच राजीनामा दिला म्हणून तो यात धरत नाहीत.

मग बघायचं, सही कशावर झालीय. बिलावर झाली असेल तर तो कायदा, तो बदलायला पुन्हा काँग्रेसकडेच जावं लागतं (काँग्रेस म्हणजे इथे त्यांची संसद हां, आपला हात नव्हे). नुसत्या आदेशावर झाली असेल तर पुढचा अध्यक्ष पहिल्याच दिवशी फाडून टाकू शकतो, आणि टाकतातही. आदेश असेल तर पुढचा प्रश्न, कुठल्या कायद्याच्या आधारावर? ऑगस्ट २०२५ ला भारताच्या मालावर ५० टक्के टॅरिफ गेलं ते असंच. संविधानाप्रमाणे आयातकर लावायचा अधिकार काँग्रेसचा, ट्रम्पने आदेश काढला तो तिथल्या १९७७ च्या आणीबाणीच्या कायद्यावर बोट ठेवून. कोर्टात भांडण झालं ते नेमकं यावरच, की त्या कायद्यात टॅरिफ बसतं का. म्हणजे मारामारी भारताबद्दल नव्हतीच, अधिकार उसना घेतलेला की स्वतःचा याबद्दल होती.

मतं मोजायची असतील तर आकडे थोडे लक्षात ठेवा. हाउसमध्ये ४३५, म्हणजे २१८ पुरेत. सिनेटमध्ये १००, पण बहुतेक बिलांवर चर्चा थांबवून मतदान घ्यायलाच ६० लागतात आणि ५१ वाला पक्ष इथेच अडकतो. बजेटशी जोडलेलं बिल मात्र खास वाटेने साध्या बहुमतात काढता येतं, ते पैसे पाठवायच्या टॅक्सवालं बिल तसंच गेलं, ५०-५० झाल्यावर उपाध्यक्ष व्हान्सच्या मताने. अध्यक्षाने व्हेटो मारला, म्हणजे सही नाकारली, तर तो उलटवायला दोन्हीकडे दोन तृतीयांश. ट्रम्पने पहिल्या टर्ममध्ये १० व्हेटो मारले, काँग्रेसने त्यातला एकच उलटवला.

आणि पक्षाचे आकडे बघून निकाल सांगायला जाऊ नका, कारण तिथे आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही. जुलै २०१७, रिपब्लिकन ५२, ओबामाची आरोग्य योजना मोडायचं बिल, रात्रीचा दीड वाजलेला. जॉन मॅकेन, ट्रम्पच्याच पक्षाचा, डोळ्याच्या वर टाके, तिथली गुठळी काढायचं ऑपरेशन होऊन दोनच आठवडे झालेले, त्यातूनच मेंदूचा कॅन्सर कळलेला, चालत पुढे आला आणि अंगठा खाली केला. ४९-५१, बिल मेलं. आपल्याकडे व्हिप मोडला म्हणून सभापतींपुढे अर्ज गेला असता, तिथे तो शेवटपर्यंत रिपब्लिकन सिनेटरच राहिला.

पैशाचं एक राहिलं. आपल्याकडे बजेट पडलं तर सरकार पडतं, तिथे सरकारी ऑफिसं बंद पडतात आणि अध्यक्ष जागेवरच. २०२५ ला १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस तसं चाललं, लोक पगाराविना.

आता शेवटचं, आणि यात मी स्वतः पडलो नाही पण शेजाऱ्यांचा मुलगा पडला. चतुर्थीला आला होता, एच-वन-बी वर (नोकरीसाठीचा व्हिसा) तिकडे नोकरी. १९ सप्टेंबरला बातमी, एच-वन-बी ला १ लाख डॉलर फी. व्हिसाचा कोटा, ६५ हजार अधिक २० हजार, कायद्यात लिहिलाय, त्याला अध्यक्ष हात लावू शकत नाही, पण ही फी त्याने घोषणापत्र काढून लावली, तीही दोन दिवसात लागू. घरात रडारड, कंपनीचा मेल, लगेच परत ये. बिचाऱ्याने मिळेल त्या भावात तिकीट काढलं, मोपाहून मुंबई, तिथून पुढे. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसचा खुलासा आला, फी फक्त नवीन अर्जांना, जुन्या व्हिसावाल्यांना नाही. तोपर्यंत तो विमानात होता, आणि त्याची आई आमच्या दारात उभी, विचारते, आता तिकिटाचे पैसे परत मिळतील का रे?