कोकणात गेमिंग पीसी घेताना: कार्डाआधी वीज बघा

पार्ट्सची यादी करायला बसण्याआधी दोन गोष्टी घरीच ठरवा. मॉनिटर किती रिझोल्यूशनचा, आणि संध्याकाळी सात-साडेसातला तुमच्या सॉकेटवर व्होल्टेज किती. पहिलीवर इंटरनेटभर चर्चा आहे. दुसरीचा उल्लेख पुण्या-बंगळुरूत बसून याद्या देणारे करत नाहीत, कारण त्यांना गरज पडत नाही. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत मात्र ती पडते.

मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्ड एकत्रच निवडा. १०८०पी म्हणजे सुमारे २१ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३७ लाख, फोर-के म्हणजे ८३ लाख. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एवढे पिक्सेल रंगवायला कार्डाला दर फ्रेममागे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १०८०पीला आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ७६०० पुरतं. दोन्हीत मेमरी ८ जीबी आहे, त्यामुळे जड गेममध्ये टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागांच्या बारकाव्याची सेटिंग, एक पायरी खाली ठेवा. मेमरी भरली की सरासरी फ्रेम चांगल्या दिसतात, पण गेम झटके खातो. १४४०पीसाठी १२ जीबीच्या खाली जाऊ नका. फोर-केचा विचार अशा कार्डांच्या बजेटमध्ये सोडून द्या.

प्रोसेसर सहा कोर, बारा थ्रेडचा पुरे: रायझन ५ ५६००, रायझन ५ ७६०० किंवा आय५ १२४००एफ. ‘आय९च घ्या’ म्हणणाऱ्याला विचारा, ते पैसे कार्डातून कापायचे का? रॅम ८-८ जीबीच्या दोन स्टिक, बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू. एनव्हीएमई एसएसडी १ टीबी. झालं.

आता पॉवर सप्लाय, म्हणजे दुकानात ज्याला एसएमपीएस म्हणतात ते. सगळे पैसे संपल्यावर उरलेल्या दोन हजारांत तो बसवायचा, ही सर्वांत वाईट सवय.

हिशेब असा. ४०६०ला ११५ वॉट, प्रोसेसरला ८०च्या आसपास, बाकी मदरबोर्ड, पंखे, एसएसडी मिळून ५०. म्हणजे २५० वॉट. तरीही ५५० वॉटचा घ्या, कारण कार्ड क्षणभर याहून बरंच जास्त खेचतं आणि निम्म्या भारावर सप्लाय थंड राहतो. खोक्यावरचा मोठा आकडा बघू नका. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर बघा आणि १२ने गुणा. चांगल्या ५५०च्या सप्लायवर ४५ अँपिअरच्या आसपास असतात, म्हणजे ५४० वॉट. ‘५०० वॉट’ लिहिलेल्यावर २५ अँपिअर दिसले, तर तो तुमच्या कामाचा ३०० वॉटचा आहे. ८० प्लसचा शिक्का विजेची बचत सांगतो, टिकाऊपणा नाही. आणि ती चाचणी २३ अंशांवर होते. मे महिन्यात तुमच्या खोलीत २३ अंश असतात का?

त्याच लेबलवर इनपुट १००–२४० व्होल्ट असावं. २००–२४०वाला घेतलात, तर संध्याकाळी १८० व्होल्टवर तो माघार घेऊ शकतो. रुंद इनपुटचा सप्लाय असेल तर स्टॅबिलायझर लावू नका. रिलेवाला स्टॅबिलायझर प्रत्येक टकटकीला वीज क्षणभर तोडतो आणि नवीच कटकट उभी करतो.

यूपीएस मात्र हवाच. उत्तम सप्लाय वीज गेल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. बरा यूपीएस त्याच्या आत, दहाच्या खाली, बॅटरीवर येतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो, मॉनिटर धरून तो काठावरच. १००० व्हीए, शक्यतो शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखीच गुळगुळीत लाट देणारा घ्या. स्वस्त यूपीएसची चौकोनी वेव्ह काही ॲक्टिव्ह पीएफसी सप्लायना मानवत नाही, वीज गेली की दोघंही एकदम बंद. घरचा इन्व्हर्टर वापरणार असाल तर मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. आणि गेम चालू असताना मेन स्विच पाडून बघा. गेम न चालवता, नुसत्या डेस्कटॉपवर घेतलेली चाचणी काही सिद्ध करत नाही.

अर्थिंगचं दुखणं कोकणात वेगळंच. खाली जांभा किंवा कातळ, त्यामुळे पावसात ठीक वाटणारं अर्थिंग मार्चपासून सुकून जातं. कॅबिनेटला उलटा हात लावला आणि झिणझिण्या आल्या, की अर्थिंग लागत नाही असं समजा. सप्लायच्या फिल्टरमधून मुख्य विजेच्या निम्मा दाब कॅबिनेटवर आलेला असतो. वायरमनला भाराखाली न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या वर गेलं तर तपासणी हवी. नवा अर्थ-पिट घ्यायचा तर न्हाणीचं पाणी जिथे माडाच्या आळ्यात जातं तिथे घ्या, उन्हात तापणाऱ्या खळ्यात नको. घरच्या विजेच्या बोर्डात जास्त-कमी व्होल्टेजला वीज तोडणारा प्रोटेक्टरही बसवून घ्या. वादळी वाऱ्यात खांबावरचा न्यूट्रल तुटला, तर घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात, आणि तिथे स्पाइक गार्ड काही करत नाही. वळिवात आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात प्लग काढा, राउटरची लॅन केबलसुद्धा.

खारी हवा हा दुसरा शत्रू. मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून विरघळतं, आणि पावसाळ्यात इथली हवा त्याच्या वर असते. मदरबोर्डावर बसलेली खारट धूळ मग वीज वाहू लागते. म्हणून धुळीची जाळी असलेली, आत घेणाऱ्या पंख्यांची संख्या बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त असलेली कॅबिनेट घ्या. फटींतून हवा बाहेर जाते, आत येत नाही. मागचे रिकामे स्लॉट झाकलेले ठेवा, पाल आणि मुंग्या तिथूनच शिरतात. पावसाळ्यात रोज तासभर मशीन चालवा. घर बंद ठेवून गणपतीला उघडणार असाल, तर आल्या आल्या बटण दाबू नका. दार-खिडक्या उघडून, बाजूचं पॅनल काढून दिवसभर पंखा लावा.

आखातातून कोणी कार्ड आणणार असेल तर आधी वॉरंटी विचारा. अनेक कंपन्यांची ती देशापुरतीच असते. इथे घेतलंत तरी बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. गंज चढलेलं कार्ड वॉरंटीत सहसा घेत नाहीत.

शेवटी तासभर जड गेम चालवून बघा. मशीन एकदम रीस्टार्ट झालं आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं, तर आधी सप्लाय, यूपीएस आणि सॉकेट तपासा. नुसता गेम बंद पडून डेस्कटॉप आला, तर ड्रायव्हर आणि रॅमकडे वळा. एक्सएमपी बंद करून पुन्हा चालवा.