घर घेताना करांचा हिशेब कसा मांडावा

घराची किंमत ठरली की बहुतेक जण कर्जाच्या हप्त्याचा हिशेब करतात आणि करांचा विषय नोंदणीच्या दिवसावर सोडून देतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क सहसा पदरचेच भरावे लागत असल्याने हा हिशेब टोकन देण्यापूर्वीच कागदावर मांडणे आवश्यक आहे.

उदाहरण म्हणून पुणे महापालिका हद्दीत बांधकाम सुरू असलेली, करारानुसार ६० लाख रुपयांची सदनिका घेऊ. सर्वप्रथम नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर त्या भागाचा रेडी रेकनर दर, म्हणजे सरकारने ठरवलेला मालमत्तेचा दर, पाहावा. हा दर चौरस मीटरचा असतो; सदनिकेचे क्षेत्रफळ मात्र आपल्याला चौरस फुटांत सांगितले जाते, आणि इथेच अनेकांचे गणित चुकते. त्याच इमारतीतील आधीच्या व्यवहाराचा इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सारांश देणारा उतारा) मिळाल्यास फार उपयोग होतो, कारण त्यात ‘मोबदला’ (करारातील किंमत) आणि ‘बाजारभाव’ (रेडी रेकनर दराने येणारी किंमत) असे दोन स्वतंत्र रकाने असतात. या दोहोंपैकी जी रक्कम जास्त, तिच्यावर मुद्रांक शुल्क आकारले जाते.

समजा, बाजारभाव ६४ लाख निघाला. पुण्यात अधिभारांसह ७ टक्के दराने शुल्क ४,४८,००० रुपये होते. खरेदीदार केवळ महिला असल्यास १ टक्का सवलत मिळून ते ३,८४,००० रुपयांवर येते. पतीचे नाव सोबत घातले की ही सवलत जाते, म्हणून नावे कोणाची लावायची हे घरात आधीच ठरवावे. बाजारभाव करारातील किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक असेल, तर तो फरक खरेदीदाराचे उत्पन्न मानला जाऊन त्यावर आयकर लागू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. नोंदणी शुल्क १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये असते.

त्यानंतर जीएसटी पाहावा. बांधकाम सुरू असलेल्या घरावर तो ५ टक्के, म्हणजे येथे ३ लाख रुपये आहे. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या, ४५ लाखांपर्यंतच्या लहान घरांसाठी दर १ टक्का आहे. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या किंवा जुन्या घरावर जीएसटी लागत नाही, त्यामुळे दोन घरांच्या किमतींची तुलना कर मिळवूनच करावी.

व्यवहार ५० लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा असल्यास विक्रेत्याला द्यायच्या प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापून घ्यायचा आयकर) कापून, तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत सरकारकडे भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. हा वाढीव खर्च नाही. विक्रेत्याच्याच रकमेतून तो वजा होतो. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर नियम आणि दर दोन्ही वेगळे असतात, तेव्हा सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

शुल्क ऑनलाइन चलनाने भरता येते आणि करारावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणीसाठी सादर करावा लागतो. नोंदणीनंतर हाती येणाऱ्या इंडेक्स टूवरील आकडे, नावे आणि क्षेत्रफळ तिथेच उभे राहून ताडून पाहावे; नंतर चूक आढळल्यास स्वतंत्र चूकदुरुस्ती पत्र नोंदवावे लागते.