झीरोएमक्यूचं ऑथेंटिकेशन एका जागी आणलं, माझा अनुभव

आमच्या सर्व्हिसेस झीरोएमक्यूवर (प्रोग्रॅम्समध्ये मेसेज पाठवायची लायब्ररी) बोलतात, आतल्या नेटवर्कला नल (पासवर्ड, की काहीच नाही), जुन्या क्लायंटना प्लेन (युजरनेम-पासवर्ड), बाहेरच्यांना कर्व्ह (पब्लिक कीवर चालणारं), आणि तिन्हीचं चेकिंग मी वेगवेगळ्या फाइलींत लिहिलेलं, कुठलाही नियम बदलायचा तर तीन ठिकाणी हात घालायचा. शेवटी सगळं एका झॅप (झीरोएमक्यूचा ऑथेंटिकेशन प्रोटोकॉल) हँडलरमध्ये टाकलं. म्हणजे एक वेगळा थ्रेड इनप्रॉकवर (एकाच प्रोसेसच्या आतल्या जोडणीवर) ऐकत बसतो, लायब्ररी त्याला मेकॅनिझमचं नाव, आयपी, अन् पासवर्ड किंवा ३२ बाइटची पब्लिक की पाठवते, आपण २०० (येऊ दे) किंवा ४०० (नको) उत्तर द्यायचं, बस.

पण नलवाल्या सॉकेटवर आयपी चेक होतच नव्हता! दोन दिवस गेले त्यात. नलला झॅप डोमेन (सॉकेटवर सेट करायचं एक नाव, जे हँडलरला पाठवलं जातं) रिकामं असेल तर लायब्ररी हँडलरला विचारतच नाही, डोमेनला नाव दिलं आणि लगेच चालू झालं. हँडलर मात्र बाइंडच्या (सॉकेट पत्त्याला जोडायच्या) आधी सुरू करा.