या चुका टाळा : वह्या तपासल्या, पण मूल अडलंय कुठे?

तिसरी-चौथीच्या वर्गाला ५०२ − २८७ हे उदाहरण घाला आणि फुल्या मारण्याआधी उत्तरं नीट बघा. बरोबर उत्तर २१५. चुकलेल्यांत कुणाचं ३८५ येतं, कुणाचं २२५, कुणाचं २०५. तिघांनाही शून्य गुण आणि तिघांच्याही वहीत तोच शेरा: ‘सराव करा’.

खरं तर तिघांचं दुखणं वेगवेगळं आहे. ३८५ लिहिणारा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय. वरचा कुठला, खालचा कुठला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. २२५ वाल्याला हातचा घेता येतो, पण दशकाच्या घरात आलेल्या दहातला एक एककाला दिला की तिथे नऊच उरतात, हे त्याच्या हातून सुटतं. २०५ वाल्याने शतकाकडून थेट एककासाठी उसनं घेतलं आणि शून्यातून आठ जाईनात म्हणून दशकात शून्य ठेवलं. दुसऱ्याचं काम बहुतेक पाच मिनिटांत होईल. पहिल्याला आणि तिसऱ्याला मात्र खेळातल्या नोटा घेऊन बसवा, शंभराची नोट मोडून दहाच्या दहा करायला लावा. या दोघांना असलीच आणखी वीस उदाहरणं घातलीत, तर चुकीची रीतच पक्की होईल.

म्हणून पहिली चूक टाळायची ती नुसत्या गुणांची नोंद ठेवण्याची. ‘१० पैकी ६’ वरून उद्या काय शिकवायचं ते कळत नाही. वहीच्या एका पानावर उभी मुलांची नावं, आडवे उपघटक आणि चौकटीत चुकीचा प्रकार दोन शब्दांत, एवढं पुरे. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी आहेत, त्या मुळात याचसाठी. पण तयार याद्यांवरून ‘प्रगती समाधानकारक’ उतरवून काढलं, तर त्या नोंदीचा उपयोग फक्त तपासणीला आलेल्या साहेबांना!

‘निष्काळजीपणा’ हा शेराही जपून वापरा. एकाच जातीची चूक दोन-तीन उदाहरणांत दिसली, तर तो निष्काळजीपणा नव्हे. मुलाला जवळ बोलवा आणि चुकलंय हे न सांगता विचारा, ‘हे कसं केलंस, सांग बघू.’

शाब्दिक उदाहरणात तर आणखी फसगत होते. ‘रमाकडे ३४ पेन्सिली आहेत. त्या सीमाकडच्यापेक्षा १२ने जास्त आहेत. सीमाकडे किती?’ ‘जास्त’ दिसलं की मूल बेरीज करून ४६ लिहून मोकळं होतं. त्याला बेरीज-वजाबाकी येत असते, अडचण वाचनाची असते. उदाहरण मोठ्याने वाचायला लावा आणि जास्त पेन्सिली कुणाकडे, एवढंच विचारा.

दोन-चार मुलांच्या चुकीसाठी अख्ख्या वर्गाला तोच धडा पुन्हा शिकवू नका. ज्यांना येतं ती कंटाळतात आणि ज्यांना येत नाही ती मागच्या बाकावर लपतात. एका जातीच्या चुकांचा एक गट करा आणि त्यालाच वेळ द्या. नंतर पडताळायला तेच उदाहरण देऊ नका, उत्तर पाठ झालेलं असतं. ६०३ − ४५८ द्या, आणि आठवड्याने न सांगता तसंच आणखी एक.

तरीही जमत नसेल, तर एक पायरी खाली उतरा. ४२ − १७ येतं का? येत असेल तर अडचण शून्यापाशी आहे. तेही नसेल, तर बावन्न लिहायला सांगून बघा. काही मुलं २५ लिहितात, कारण मराठीत आधी ‘बा’ ऐकू येतं आणि मग ‘वन्न’. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा केवढी थट्टा झाली, पण ही अडचण काही खोटी नव्हती.

पालकसभेतही ‘गणित कच्चं आहे’ असं सांगू नका. त्याने घरचे एकतर क्लास लावतात, नाहीतर पाठीत धपाटा घालतात. ‘मध्ये शून्य आलं की हातचा घेताना अडतो, रोज दोनच उदाहरणं नोटा घेऊन करवून घ्या,’ असं सांगा.